घरासाठी मुरूम, पिकासाठी काळी



दिवाळी सरली, खरिपाची रास घरात आली की गावोगावी दोन कामे एकदमच सुरू होतात. एक घरबांधणी आणि दुसरे वीटभट्टी. भट्टीवाला माती शोधत ओढ्याकाठच्या, नदीकाठच्या शिवारात येतो. ज्याच्या घरी लग्नाचा किंवा दवाखान्याचा खर्च उभा आहे असा शेतकरी त्याला वरची फूटभर माती देऊन टाकतो. जमीन जागेवरच राहते, सातबारा आपल्याच नावावर राहतो आणि हातात रोख पैसे येतात. त्यामुळे आपण काही विकले असे त्याला वाटतच नाही.

माती परीक्षणाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना घेऊन गावात जाणे होते. अशाच एका गावात एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या नमुन्यांत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण एकीकडे ०.६ टक्के, तर दुसरीकडे ०.२ टक्के आले. जमीन एक, ओढा एक, पीकही तेच. चौकशी केली तेव्हा दुसऱ्या वावराच्या मालकाने सांगितले की तीन वर्षांपूर्वी त्यांनी भट्टीला माती दिली होती. त्या पैशांचे काय केले असे विचारल्यावर ते म्हणाले, "जुने माळवद पाडून विटांचे घर बांधले." म्हणजे ज्या भट्टीने त्यांची माती नेली, त्याच भट्टीच्या विटा त्यांनी विकत घेतल्या. वर स्लॅब टाकला. आता उन्हाळ्यात रात्री घरात झोपवत नाही म्हणून सगळे अंगणात झोपतात. त्यांनी मलाच प्रश्न केला, "मग सर, घर कशाचे बांधायचे? माळवद तर किल्लारीने संपवले."

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. म्हणून पिकांचा विषय थोडा बाजूला ठेवून या लेखात घराच्या मातीविषयी लिहीत आहे. घराचा आराखडा आणि लोखंडाचा हिशेब अभियंत्याकडूनच करून घ्यावा. मात्र घर कोणत्या मातीचे बांधावे आणि कोणत्या मातीला हात लावू नये, हे सांगणे कृषिविद्येच्या कक्षेत निश्चित येते.

फूटभर मातीचा हिशेब

एक घनमीटर बांधकामाला सर्वसाधारणपणे ५०० विटा लागतात. एका विटेचे वजन सुमारे ३ किलो धरा. घरकुल योजनेत २५ चौरस मीटरचे घर बांधले जाते. त्याच्या चार भिंती, एक आडभिंत आणि थोडा जोता असे मिळून सात हजारांच्या आसपास विटा बसतात. विटांचे वजन झाले २१ टन. भाजताना मातीतील पाणी व सेंद्रिय भाग जळून जातो, म्हणून मूळची कोरडी माती २३-२४ टन धरावी लागेल. शेतातील एक घनमीटर मातीचे वजन सरासरी १.३ टन असते. या हिशेबाने फूटभर खोलीची माती काढायची तर सुमारे ६० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त जागा खरवडावी लागते. घर उभे राहते २५ चौरस मीटरवर आणि वावर खाते ६० चौरस मीटर. मोडतोड व कच्च्या राहिलेल्या विटा यांत धरलेल्या नाहीत.

आता पूर्ण एकराचा हिशेब पाहा. एक एकराच्या वरच्या फूटभर थरात सुमारे १,५०० ते १,६०० टन माती असते. तिच्यात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का जरी धरला तरी तो साडेसात-आठ टन होतो. कर्बाबरोबर नत्र बांधलेले असते. दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र धरले तर हे नत्र ७०० किलोच्या घरात जाते. आजच्या ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २० किलो नत्र असते. म्हणजे एका एकरावर तीस-पस्तीस पोत्यांचे नत्र भट्टीत गेले. स्फुरद, जस्त, लोह आणि मातीतील कोट्यवधी जिवाणू यांची मोजदाद वेगळीच. अर्थात हे नत्र पिकाला एकदम मिळत नाही, ते वर्षानुवर्षे थोडे थोडे मोकळे होते. पण म्हणूनच तर ती जमिनीची ठेव आहे. पोती टाकून ही ठेव परत उभी राहत नाही, कारण निसर्गाला एक सेंटिमीटर माती घडवायला शेकडो वर्षे लागतात.

माती गेलेल्या वावरात आणखी एक गोष्ट होते. वावर शेजाऱ्यापेक्षा फूटभर खाली जाते, पावसाचे पाणी तेथे साचते आणि उघडी पडलेली खालची चिकट माती लवकर वाफशावर येत नाही. पेरणी आठ दिवस मागे पडते. हे नुकसान भट्टीवाल्याच्या भावात कुठेही धरलेले नसते.

गंमत अशी की सन २०१७ मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली. तलावातील गाळ शेतकरी ट्रॅक्टरने वाहून नेऊन शेतात टाकतात. एकीकडून ट्रॅक्टर गाळ घेऊन शिवारात येतो आणि दुसरीकडून ट्रक काळी माती घेऊन बाहेर पडतो, असे दृश्य एकाच रस्त्यावर दिसते.

अगदीच अडचण असेल आणि माती द्यावीच लागली, तर वरचा २० ते ३० सें.मी. थर आधी काढून बांधाला लावून ठेवावा, खालची माती द्यावी आणि नंतर तो थर परत सारखा पसरावा. मातीचे उत्खनन गौण खनिजात मोडते. तलाठ्याकडे चौकशी केल्याशिवाय व्यवहार करू नये.

किल्लारीत काय पडले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी अशी गावे काही क्षणांत ढिगारा झाली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. पुढे ५२ गावांचे दुसऱ्या जागी पुनर्वसन झाले. त्या दिवसापासून मराठवाड्यात 'मातीचे घर म्हणजे मरण' हे समीकरण पक्के झाले. ते अगदी स्वाभाविक होते. ज्याने ढिगाऱ्यातून आपली माणसे काढली, त्याला मातीचे गुण सांगायला जाऊ नये. मात्र तीस वर्षांनंतर नव्याने घर बांधणाऱ्याने तेव्हा नेमके काय पडले हे समजून घेतले पाहिजे.

या घरांच्या भिंती दगडांच्या होत्या, दोन-अडीच फूट आणि काही ठिकाणी त्याहून रुंद. बाहेरून एक आणि आतून एक अशी दगडांची रांग आणि मधल्या पोकळीत लहान दगड व मातीची भर. या दोन रांगांना जोडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड नव्हते. सांध्यात नुसता चिखल. धक्का बसताच दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या, एक बाहेर पडली आणि एक आत.

आणि वर होते माळवद. तुळया, कड्या, त्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. पहिल्यांदा बांधताना हा थर बेताचा असतो. पुढे एखाद्या पावसाळ्यात गळती लागली की त्यावर पांढरी माती टाकायची, पुढच्या वर्षी पुन्हा टाकायची. जुनी माती कोणी काढत नाही. आजोबा, वडील, मुलगा असे करत करत थर दोन फुटांवर जातो. एक घनमीटर दाबलेली माती १.७ टन भरते. ५ बाय ३ मीटरच्या खोलीवर ६० सें.मी. जाडीची माती असेल तर डोक्यावर पंधरा टन वजन झाले. उसाने भरलेला ट्रक छतावर उभा करून त्याखाली झोपण्यासारखेच हे आहे.

याच भूकंपात दोन गोष्टी दिसून आल्या, त्यांची चर्चा फारशी होत नाही. पहिली, गरिबांची कुडाची व गवताच्या छपराची घरे फारशी पडली नाहीत आणि पडली तरी त्यांखाली माणसे मेली नाहीत, कारण त्यांना वजनच नव्हते. दुसरी, ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, म्हणजे आपण ज्याला 'खणाचे घर' म्हणतो, त्यांतील बऱ्याच घरांच्या भिंती कोसळल्या तरी छत खांबांवर उभे राहिले. पुढे सागवान महाग झाले, खांब कमी झाले आणि तुळयांची टोके सरळ भिंतीवर ठेवण्याची पद्धत पडली.

तेव्हा घात केला तो वरच्या अफाट वजनाने आणि न बांधलेल्या भिंतीने. चुकीच्या रीतीने बांधलेले विटांचे किंवा काँक्रीटचे घरही भूकंपात पडते. आपल्या देशातील मानक संस्थेने सन १९९३ मध्येच मातीच्या आणि साध्या दगडी घरांसाठी भूकंपरोधक बांधणीची मानके काढली आहेत. दगडी भिंतीसाठी त्यांतील मुख्य गोष्टी गवंड्याला समजतील अशा आहेत. भिंत दीड फुटापेक्षा (४५ सें.मी.) रुंद करू नये. उंचीत दर ६० सें.मी.वर आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड घालावा. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर लोखंडी सळी घातलेला काँक्रीटचा तुकडा चालतो. दाराखिडक्यांच्या वर सर्व भिंतींवरून फिरणारा, सळ्या घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा द्यावा. पोत्याला दोरी बांधावी तसा हा पट्टा चारही भिंती एकत्र धरून ठेवतो. खर्चात काटकसर कुठेही करा, पण या पट्ट्यात करू नका.

ज्यांची माळवदे आजही उभी आहेत त्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात एक काम जरूर करावे. वरची माती उतरवून थर २० सें.मी.च्या आत आणावा. मातीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा म्हणजे गळतीसाठी दरवर्षी नवी माती टाकण्याची वेळ येणार नाही. उतरवलेली माती मात्र परीक्षण केल्याशिवाय शेतात टाकू नये. माळवदाला आपण मुद्दाम खारी, पांढरी माती निवडतो. अशा मातीत सोडियम जास्त असला की पाणी लागताच तिचे कण विखुरतात आणि छिद्रे बुजून पाणी खाली उतरत नाही. शेतात हाच दोष असतो आणि त्याला आपण चोपण म्हणतो. छतावर तोच गुण ठरतो. जुन्या लोकांनी जमिनीची रसायने शिकली नव्हती, पण कोणती माती कुठे घालायची हे त्यांना ठाऊक होते. काळी वावरात आणि पांढरी गावठाणात.

भिंत जाड असली की घर थंड का राहते?

कृषी हवामान वेधशाळेत जमिनीच्या वेगवेगळ्या खोलीवर तापमापक लावलेले असतात. दुपारी जमिनीचा पृष्ठभाग तापतो तेव्हा फूटभर खालची माती गारच असते. वरची उष्णता खाली पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि पोहोचते तीही फार थोडी. अर्ध्या मीटरखाली तर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. भुईमुगाच्या आऱ्या आणि हळदीचे कंद यामुळेच तगतात. जाड मातीची किंवा दगडाची भिंत म्हणजे उभी केलेली जमीनच होय. दुपारचे ऊन आत यायला तिला कित्येक तास लागतात आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. चार-पाच इंचांचा स्लॅब मात्र दुपारी तापतो आणि संध्याकाळपासून ती उष्णता खाली ओतत राहतो. पत्र्याला तेवढाही धीर नसतो. दहा वाजता ऊन लागले की सव्वादहाला घरात भट्टी, पण सूर्य मावळला की तो लगेच निवतो. म्हणून पत्र्याचे घर दुपारी नकोसे आणि स्लॅबचे घर रात्री नकोसे होते.

घर तापले की पंखा, मग कूलर, मग त्याचे वीजबिल असे ओघाने येते. त्यात सिमेंटचा वेगळा मुद्दा आहे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजतात. इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय चुनखडीतूनही कर्बवायू बाहेर पडतो. जगात माणसाच्या कामांतून हवेत जाणाऱ्या कर्बवायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. पाऊस लहरी झाला, मार्चमध्ये गहू भरण्याआधीच उष्णतेची लाट आली, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात या कर्बवायूचाही वाटा असतो. सिमेंट वापरूच नये असे माझे म्हणणे नाही. पट्ट्याला ते लागेल, पायाला लागेल. पण जेथे चिखल, चुना किंवा मुरूम चालतो तेथे सिमेंट ओतण्यात शहाणपण नाही.

मुरमाची वीट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घर कशाचे बांधायचे? काळी माती यासाठी मुळीच उपयोगी नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. बागायती वावराची पोयटा माती आपल्याला वाचवायची आहे. राहिला मुरूम. विहीर किंवा शेततळे खोदताना काळीच्या खाली निघणारा, ज्यात काही पिकत नाही तो. १५ बाय १५ मीटरच्या आणि ३ मीटर खोल शेततळ्यातून चारशे घनमीटरच्या वर माल निघतो. त्यातील निम्मा जरी चांगला मुरूम निघाला तरी तेवढ्यात एका गल्लीतील सगळी घरे होतील. सहा मीटर व्यासाच्या विहिरीचे मुरमातील एक मीटर खोदकाम झाले की २८ घनमीटर मुरूम बाहेर पडतो. एका घराला याच्या निम्म्यानेही भागते. आज हा मुरूम आपण बांधावर पडू देतो नाहीतर ठेकेदाराला रस्त्यासाठी नेऊ देतो.

मुरूम किंवा वाळूसर मातीत थोडे सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून, न भाजता केलेली वीट म्हणजे दाबाची मातीची वीट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सन १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा विभाग सुरू झाला आणि तेथे या विटेवर बरेच काम झाले. हिच्यासाठी भारतीय मानकही आहे. हाताने दाबायचे यंत्र चार-पाच माणसे चालवतात. त्याला वीज लागत नाही आणि भट्टी नसल्याने जळणही लागत नाही.

प्रत्येक मुरूम सारखा नसतो, म्हणून आधी परीक्षा करावी. उभ्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश चाळलेली माती घ्यावी, चिमूटभर मीठ टाकावे, पाणी भरून चांगली हलवावी आणि ठेवून द्यावी. पहिल्या मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू, अर्ध्या तासात बसतो तो गाळाचा भाग आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सावकाश बसते ती चिकणमाती. वाळू दोन तृतीयांशाच्या आसपास आणि चिकणमाती दहा-पंधरा टक्के असेल तर माती उत्तम. दुसरी परीक्षा आकसण्याची. ६० सें.मी. लांब आणि ४ सें.मी. रुंद-खोल अशी लाकडी पेटी आतून तेल लावून ओल्या मातीने ठासून भरावी व सावलीत वाळू द्यावी. वाळल्यावर माती एका बाजूला सरकवून पडलेली फट मोजावी. फट ३ सें.मी.च्या आत असेल तर माती चालेल. जास्त असेल तर वाळू किंवा भरड मुरूम मिसळून पुन्हा पेटी भरावी. माती फारच चिकट असेल तर सिमेंटऐवजी चुना चांगले काम देतो.

माती ५ मि.मी.च्या चाळणीतून चाळावी. वजनाच्या ६ ते ८ टक्के सिमेंट कोरडेच मिसळावे आणि नंतर झारीने पाणी शिंपडावे. ओल किती असावी? मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की तो चार-पाच तुकड्यांत फुटला पाहिजे. चिखल झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. सिमेंट मिसळलेला माल तासाभरात संपेल एवढाच एका वेळी करावा. २३ बाय १९ बाय १० सें.मी.ची वीट सुमारे ८ किलो भरते आणि ५० किलोच्या एका पोत्यात नव्वदच्या आसपास विटा होतात. २५ चौरस मीटरच्या घराला अशा २,८०० विटा आणि त्यांसाठी तीस-बत्तीस पोती सिमेंट लागते.

खरी चूक होते ती पुढे. दाबलेली वीट लगेच टणक दिसते, म्हणून लोक तिला पाणीच मारत नाहीत. सिमेंट असलेल्या विटेला किमान तीन आठवडे ओल हवी. सावलीत रचून, पाचट किंवा गोणपाट झाकून, रोज दोनदा झारीने पाणी द्यावे. हे केले नाही तर पहिल्याच पावसात कोपरे झडतात आणि गवंडी नाक मुरडत म्हणतो, "मी सांगितलेच होते, भट्टीची वीट घ्या." तयार वीट दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावी. ती विरघळली किंवा कडा सुटल्या तर तो घाणा बांधकामात वापरू नये.

या विटेला बाहेरून गिलावा लागतोच असे नाही. पण जोता दोन फूट दगडाचा असावा आणि छपराचे वळचण दोन फूट बाहेर असावे. म्हणजे पावसाची झड आणि जमिनीवरून उडणारे पाणी भिंतीला लागत नाही. साध्या मातीच्या भिंतीपेक्षा हिचा आणखी एक फायदा मला महत्त्वाचा वाटतो. मातीचे घर स्वस्त असे आपण म्हणतो, पण दर सणाला ते लिंपायचे, सारवायचे, भेगा बुजवायच्या हे काम घरातील बायका करतात आणि त्यांच्या मजुरीचा हिशेब कोणी मांडत नाही. दाबाच्या विटेची भिंत हे काम बरेच कमी करते.

इतर काही पर्याय

ज्यांच्या तालुक्यात काळा दगड विपुल आहे त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे बांधलेली दगडी भिंत करावी. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ, पारस, एकलहरे अशा औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात राखेच्या विटा मिळतात. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने राखेचा वापर सक्तीचा केला, त्यामागे शेतीची वरची माती वाचवणे हा एक उघड हेतू होता. केंद्र जवळ असेल तर या विटा जरूर पाहाव्यात. लांबून वाहतूक करून आणण्यात मात्र फायदा नाही.

भाजलेल्या विटाच वापरायच्या असतील तर त्या उभ्या ठेवून, मध्ये पोकळी सोडून नऊ इंची भिंत बांधता येते. केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी ही बांधणी आपल्याकडे रूढ केली. तिला सुमारे २५ टक्के विटा कमी लागतात आणि मधल्या हवेमुळे ऊन आत कमी येते. कोपऱ्यात आणि दाराच्या बाजूंना पोकळी भरून सळी घालावी. गवंड्याला पहिला दिवस जड जातो, दुसऱ्या दिवशी हात बसतो.

छताचे काय, याला सरळ उत्तर देणे कठीण आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर होणाऱ्या शंकूच्या आकाराच्या कौलांची कमान बसवून लाकूड आणि लोखंडाशिवाय छत करून दाखवले आहे. आतील पोकळीमुळे ते थंड राहते. पण हे काम जाणणारा कारागीर हवा, तो नसेल तर धाडस करू नये. बहुतेकांच्या डोक्यावर पत्राच राहणार आहे. त्यांनी फेब्रुवारीअखेर पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. खाली एक ते दीड फूट अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे किंवा तुराट्यांचे माळे करावे, त्याला खालून शेणमातीचा पातळ लेप द्यावा आणि दोन्ही टोकांना हवा खेळण्यासाठी झरोके ठेवावेत. चूल मात्र या खोलीत ठेवू नये. पत्र्यावरून उतरणारे पाणी पन्हळीने टाकीत घ्यावे. ६०० मि.मी. पावसाच्या गावात २५ चौरस मीटरच्या छतावरून १२ हजार लिटर पाणी मिळते, विटांना मारायला तेवढे पुष्कळ आहे.

पायाबद्दल थोडे. काळ्या जमिनीवर घर बांधणे टाळावे. इलाज नसेल तर काळीचा थर पूर्ण काढून मुरमाला लागेपर्यंत खाली जावे. थर फार खोल असेल तर खोदलेल्या जागेत न फुगणाऱ्या मुरमाचा थर दाबून भरतात, मुंबईच्या आय.आय.टी.चे प्रा. कट्टी यांनी या पद्धतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आहे. रुरकीच्या संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले खांब रोवण्याची पद्धत दिली आहे. या दोन्हींसाठी अभियंत्याचा सल्ला आवश्यक आहे. पायातून निघालेली काळी मात्र ट्रॅक्टरने वावरात न्यावी.

ज्यांना येत्या वर्षी बांधकाम करायचे आहे त्यांनी विहिरीचा किंवा शेततळ्याचा मुरूम आत्ताच बाजूला काढून, काळीत मिसळू न देता वेगळा ढीग करून ठेवावा. बरणीची आणि पेटीची परीक्षा घरच्या घरी होते, तिला दोन आठवडे पुरतात. विटा पाडण्याचे काम नोव्हेंबर ते जानेवारी या काळात उरकावे, कारण तेव्हा विहिरीला पाणी असते आणि ऊन कमी असल्याने विटा एकदम वाळून चिरत नाहीत. मार्चनंतर पाडलेल्या विटांना तीन आठवडे ओल टिकवणे जिकिरीचे होते. पहिल्या दिवशी वीसच विटा पाडाव्यात, त्या तीन आठवड्यांनी पाण्यात बुडवून पाहाव्यात आणि मगच पुढचे सिमेंट आणावे.